आवडीबायचा गोठ्यातला देव

रोगाने आवडीची बोटं खाल्ली आणि मिशनने अक्कल खाल्ली, असं आमच्या उंबरकोंडात लोक म्हणायचे. मी म्हणायची, अक्कल खायला आधी ती असावी लागते. आवडीला होती. तुमची खायला कुणी येणार नाही, निवांत झोपा.

मी राहीबाई. आवडी माझी थोरली जाऊ. मी महाडच्या पेठेत वाढलेली, चौथी शिकलेली आणि तोंडाने फटकळ. लग्न करून आले ती पोलादपूरच्या वर डोंगरातल्या या कोंडावर. वीसेक घरं, आणि घरटी एक तरी बाप्या मुंबईला. आमच्या घरातले मोठे दीर सदू गोदीत कामाला होते आणि माझा नवरा दत्ताराम मागे राहून दोघांची शेती बघायचा. मला भाताच्या रोपांसाठी राब भाजायला, भात सडायला, पाण्याचे हंडे घेऊन चढण चढायला आवडीने शिकवलं. पेठेतल्या पोरीची फजिती बघून सगळं कोंड हसायचं. ती कधी हसली नाही.

तिच्या पाठीवर चट्टा आला तेव्हा आम्हाला वाटलं गजकर्ण असेल. मग एक दिवस तिने चुलीवरचा तवा उघड्या हाताने उतरवला. कातडी तव्याला चिकटली, वास सुटला, तरी ती माझ्याशी बोलतच राहिली. मी तिचा हात ओढला तेव्हा तिने तो बघितला आणि म्हणाली, "ह्ये कंदी झालं?"

सदूभावोजी गणपतीला आले, बायकोचा हात बघितला, आणि विसर्जनाची वाट न बघता परत गेले ते गेलेच. मुंबईत दुसरी केली म्हणून पुढे कळलं. असल्या माणसाचं नाव सकाळच्या पारी घेऊ नये, मी संध्याकाळी पण घेत नाही. गावकीचा पुढारी गोमाजी आमच्या अंगणात आला आणि लांब उभा राहून म्हणाला, महारोगी बाई कोंडावर ऱ्हाणार नाय. त्या दिवसांत हा रोग झालेल्यांसाठी पोलादपूरला मिशनचा दवाखाना होता. तिकडे जायचं ठरलं.

तिची तुळसा तेव्हा चार वर्षांची. आवडीने पोरीला जवळ घेतलं नाही, लांबूनच माझ्याकडे ढकललं. "राही गो, तुज्या पदरात टाकते. आई मेली म्हनून सांग तिला."

"मेलीस तर सांगेन," मी म्हटलं. "आधी मर तरी."

मला तेव्हा रडायला येत होतं आणि रडायला आलं की माझं तोंड असंच चालतं. ती उतरून गेली. तुळसाला मी वाढवली, पण आई मेली असं मी तिला एकदाही सांगितलं नाही.

पोलादपूरला पहिले काही आठवडे आवडी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. हे तिनेच मला पुढे सांगितलं. मरायला आलोय तर लवकर मरावं, एवढंच तिच्या डोक्यात. पोरीची आठवण आली की छाती धडधडायची, श्वास पुरायचा नाही. तिथे सगुणाबाई म्हणून नर्स होती, नगरकडची ख्रिस्ती बाई. ती रोज येऊन आवडीचा हात आपल्या मांडीवर घ्यायची आणि जखम धुवायची. कोंडावरून निघाल्यापासून आवडीला कुणी हात लावला नव्हता. धुता धुता सगुणाबाई गोष्ट सांगायची. एक महारोगी येसूच्या वाटेत आला आणि पाया पडला. बाकीचे लोक बाजूला सरकले. येसूला लांबून नुसतं बोलूनही त्याला बरं करता आलं असतं. त्याने हात पुढे करून त्याला शिवलं.

आवडी उठून बसली. "बरा व्हायच्या आदी हात लावलान, का मंगशान?"

"आधी," सगुणाबाई म्हणाली.

माझी जाऊ तिथेच ख्रिस्ती झाली. बाप्तिस्मा पुढे कधीतरी झाला, ते माणसांचं काम. पण त्या दिवसापासून ती भिंतीकडून इकडे वळली. छाती धडधडायला लागली की ती पोरीचं नाव घ्यायची, मग त्याचं नाव घ्यायची, आणि म्हणायची, बापा, ती तुज्याकडं, मी तुज्याकडं, दोगी एकाच घरात हाव. असं म्हटलं की श्वास जागेवर यायचा म्हणे.

मी बाजाराला उतरले की तिला भेटायला जायची. लहान पोरांना तिथे नेत नसत, म्हणून तुळसाच्या खोड्या मीच सांगायची. या रोगावर गोळ्या निघाल्या होत्या, तिला त्या लागू पडल्या. चट्टे गेले. पण दोन बोटं वाकडी राहिली, दोनांची पेरं गेली, आणि हातांना गरम-गार काही कळेना ते कळेनाच. एकदा मी विचारलं, "एवढी त्याची भक्ती करतेस, तर बोटं का नाही परत दिली तुझ्या देवाने?"

ती जरा विचार करून म्हणाली, "बोटं नाय दिलान. भ्या काढून घेतलान."

मी काय ख्रिस्ती झाले नाही. माझे देव माझ्या देव्हाऱ्यात आहेत आणि त्यांचं माझं बरं चाललंय. पण त्या दिवशी कोंडाची चढण मी तेच वाक्य मनात घोळवत चढले.

डॉक्टरांनी तिला पुरती बरी म्हणून सोडली तेव्हा तुळसा चौदा वर्षांची झाली होती. सगुणाबाई म्हणाली, इथेच राहा, स्वयंपाकघरात काम देते. आवडी म्हणाली, माजं घर हाय, माजी दोन खाचरं हायत, माजी पोर हाय, मी हितं कशाला ऱ्हाऊ? आणि गाठोडं घेऊन डोंगर चढून आली.

गावकी बसली. आधीच रोग, त्यात धर्म बाटलेला. तिला घरात घ्यायची का, असा गोमाजीने ग्रामदेवीला कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडे देवीच्या दोन्ही खांद्यांना ओले तांदूळ चिकटवतात आणि उजवे आधी पडले तर होकार धरतात. उजवे पडले. गोमाजी म्हणाला, वारा आला. परत लावला. परत उजवे पडले. गोमाजी म्हणाला, तांदूळ नीट भिजले नव्हते. तिसऱ्यांदा डावे पडले आणि सगळे देवीच्या पाया पडले. मी देवळातच म्हणाले, "देवीने दोनदा हो म्हटलं, तिसऱ्यांदा ती कंटाळली." दत्तारामने मला कोपराने ढोसलं.

ठरलं ते असं. आवडीने घरात राहायचं नाही, विहिरीला शिवायचं नाही, आणि तिच्या खाचरात कुणी सावडीला जायचं नाही. सावड म्हणजे लावणीला आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या. सावड तुटली की माणूस पावसात एकटं पडतं. आणि जो हे मोडेल तोही वाळीत. मी सात वर्षांची असताना महाडात माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली, आणि पेठेतल्या शहाण्यांनी नंतर घागरी घागरी शेण-गोमूत्र ओतून तळं शुद्ध केलं, हे माझ्या डोळ्यांसमोर झालेलं. शहाण्यांचा वेडेपणा मला नवा नव्हता. पण आपल्याच घरातल्या माणसावर आला की अंगाची लाही होते.

आवडी आमच्या परसातल्या गोठ्यात राहिली. मी तणतणत अंथरूण टाकून दिलं, तर ती शेण सारवता सारवता म्हणते, "द्येव गोठ्यात जलमला राही, मला काय धाड भरलीय?"

पहाटे ती गोठ्यात जातं ओढायची आणि आपल्या मनाने जोडलेली ओवी म्हणायची:

*पहिली माझी ओवी बाई बेथलेमाच्या बाळाला,*
*गवताच्या गादीवर निजलेल्या राजाला.*
*दुसरी माझी ओवी बाई मारियेच्या मांडीला,*
*तिच्या पोटी आला त्याने पोटी माझा भार धरिला.*

चाल आमचीच, देव तिचा. बैल ऐकायचे, मीही ऐकायची. संध्याकाळी दिवा लावून ती एकेक बोट, दोन्ही पाय नीट निरखायची, कारण काटा रुतला तरी तिला कळत नसे. मिशनने तशी सवय लावली होती. निरखता निरखता प्रार्थना म्हणायची. रविवारी उतरून पोलादपूरला उपासनेला जायची आणि परत चढून यायची. पाणी मी ओतायची. लावणी ती एकटी करायची.

मात्र एक गोष्ट होती. तुळसाला ती शिवायची नाही.

पोर आईकडे धावायची. आवडी हात मागे घ्यायची आणि म्हणायची, "तितंच ऱ्हा, बाय." तुळसा थांबायची. रोज. एकदा माझं डोकं फिरलं. "डॉक्टर म्हणाला बरी आहेस, तुझा देव म्हणाला भिऊ नको, मग पोरीला का लांब ठेवतेस? भ्या काढून घेतलान ना?"

"माजं घेतलान," ती म्हणाली. "पन तिचं लगीन व्हायचं हाय. मी हात लावला ह्ये कळलं तर तिला कोन करील?"

पुढे नाते गावचं स्थळ आलं. मुलगा मोरू, चांगला होता. त्याची आई गोदूबाई मात्र तिखट. तिने सरळ सांगितलं, मुलगी तुमच्या घरची म्हणून करते राहीबाई, तिच्या आईची सावली माझ्या सुनेवर नको. लग्नाला आवडी गोठ्यातच राहिली. मांडवातली हळद अंगावर घेऊन तुळसा गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली, आवडीने आतून डोळे मिटून आशीर्वाद दिला. तिची प्रार्थना खूप वेळ चालली. मी म्हटलं, आवर, वऱ्हाड खोळंबलंय.

तुळसाला दिवस गेले आणि रिवाजाप्रमाणे ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे माझ्याकडे आली. त्याच आषाढात मी ते केलं, जे मला चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. आवडी वाकून एकटी लावणी करत होती. तिच्या पायातून रक्त येत होतं आणि चिखलात तिला ते दिसत नव्हतं. बांधावर कोंडातल्या बायका उभ्या होत्या. त्यांनाही दिसत होतं. कुणी सांगेना. मी लुगडं खोचलं आणि सरळ तिच्या खाचरात उतरले. दत्तारामने एकदा माझ्याकडे बघितलं आणि आवणाच्या रोपांची मुडी उचलून माझ्या मागे उतरला. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्या दिवशी मला नवरा फार आवडला.

त्या संध्याकाळी आम्ही वाळीत पडलो.

श्रावणात सकाळी तुळसाला कळा सुरू झाल्या. दत्ताराम बयाबाईकडे धावला. कोंडावर सुईण ती एकटीच. तिच्या मुलाने दारातूनच सांगितलं, वाळीतल्या घरात ती येणार नाय. पोलादपूरला न्यायचं तर डोलीला चार माणसं हवीत. दत्ताराम दारोदार फिरला. कुणी घरात नव्हतं, कुणाचा पाय दुखत होता. दुपार झाली. तुळसाचे ओठ पांढरे पडले. मी दोन बाळंतपणं सोसलेली, पण दुसऱ्याचं कधी केलेलं नाही. माझे हात कापायला लागले.

आवडी अंगणात इरलं घेऊन पावसात उभी होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

मी दारात गेले. "आत ये."

"मी हितनंच प्रार्थना करते राही. तिच्या सासरी कळलं तर—"

"सासरी जायला ती जगली पाहिजे ना!" मी ओरडले. "प्रार्थना आत येऊन कर. का तुझ्या देवाला अंगणापर्यंतचीच वाट ठाऊक आहे?"

तिने इरलं खाली घेतलं. वाटलं रागावली. मग ती हळूच म्हणाली, "आदी हात लावलान." मला म्हणत नव्हती. इरलं भिंतीला टेकवून तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मिशनमध्ये धुवायची तसे, आणि चौदा वर्षांनी आपल्या घराचा उंबरा ओलांडला.

तुळसाने तिला बघितलं. "आये, हात धर गो माजा."

आवडी बसली आणि हात पुढे केला. पुढची कळ आली तशी तुळसाने तो हात असा पकडला की नखं रुतली, रक्त आलं. आवडी आपल्या हाताकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "मला कळत नाय गो बाय," ती म्हणाली, "पन दिसतंय मला. घट धरलीयस. आशीच धर." आणि मग जोरात, अगदी शेजारी ऐकू जाईल असं, ती देवाशी बोलायला लागली. मागणं नव्हतं ते, भांडणच म्हणा ना. बापा, तू वादळात तुज्या चेल्यांच्या होडीत व्हतास, आता हितं ये, माज्या पोरीच्या उशाला बस, हलू नको. प्रत्येक कळेला तेच, हलू नको. ऐकता ऐकता माझे हात कापायचे थांबले. का थांबले ते मला विचारू नका, पण थांबले. मूल माझ्या हातात आलं आणि रडलं नाही. आवडीने ते माझ्याकडून घेतलं, उलटं धरलं, पाठ चोळली, परत चोळली, आणि मुलगा असा रडला की बाहेर दत्तारामने पावसातच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी परसातून बयाबाई आली, पदराखाली तेलाची वाटी. म्हणाली, "गावकी बाप्यांची, बाळंतपन बायकांचं. सरका, पोराला न्हाऊ घालते." मी चार शब्द ऐकवणार होते. आवडीने खूण केली, म्हणून गिळले.

गोमाजी मात्र स्वस्थ बसला नाही. त्याने नाते गावाला निरोप धाडला: महारोगिणीने तुमच्या नातवाला हातात घेतलंय. पाचवीच्या दिवशी गोदूबाई आणि मोरू चढण चढून येताना दिसले. गोदूबाईच्या डोक्यावर बाळंतविडा होता, पण चालण्यावरून कळत होतं की तो द्यायचा का परत न्यायचा हे तिचं ठरलं नव्हतं. तुळसा सासरी जाणार का पोर घेऊन जन्मभर माझ्याकडे राहणार, ते त्या दिवशी ठरायचं होतं.

त्यांना बघून आवडी उठली. "मी गोठ्यात जाते."

"बस आये," तुळसा म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मी वाढवलेली पोर ती, मला तो सूर ओळखू आला. तिने बाळ उचलून आवडीच्या मांडीवर ठेवलं.

आमच्याकडे रीत आहे, आईच्या आईने नातू आपल्या मांडीवरून बापाच्या आईच्या मांडीवर द्यायचा. त्याशिवाय बाळंतविडा उघडत नाहीत. गोदूबाई दारात आली, आवडीच्या मांडीवर बाळ बघितलं आणि तिथेच थांबली.

"राहीबाई, तुम्ही द्या पोराला."

मी हात पदरात गुंडाळून घेतले. "मी काकी."

"मोरू," गोदूबाई म्हणाली, "बायकोला समजाव." मोरू बायकोकडे बघून जमिनीकडे बघायला लागला.

"मला कोन काय समजावतंय?" तुळसा म्हणाली. "ह्याच हातांत तुमचा नातू रडला. नायतर मेला असता. न्यायचा तर हितनंच न्या."

मग आवडी उभी राहिली. तिचे ओठ क्षणभर हलले. इतकी वर्षं लोकांपुढे हात पदराखाली लपवणारी ही बाई, बाळ घेऊन गोदूबाईच्या पुढ्यात गेली आणि दोन्ही हात उजेडात धरले, वाकडी बोटं, तुटकी पेरं, तुळसाच्या नखांचे ओले ओरखडे, सगळं.

"बघून घ्या," ती म्हणाली. "लपवायचं काय नाय. दवाखान्यानं बरी केली, माज्या येसूनं उबी केलान. तुमी नाय म्हनालात तर मी परत गोठ्यात जाईन, मला त्याची भीती नाय. पन माज्या पोरीला माज्या हातांपायी टाकू नका."

बाहेर पाऊस पडत होता. गोदूबाईने त्या हातांचं एकेक बोट बघून घेतलं. बाळ जांभई देऊन त्याच बोटांत झोपून गेलं. गोदूबाईने डोक्यावरचा बाळंतविडा उतरवून मोरूकडे दिला. मांडी घालून बसली. पदर पसरला.

"द्या विहीणबाई," ती म्हणाली. "बसा अशा जवळ. उब्यानं कशाला देताय?"